एका वज्रीपुढं

काचेपलीकडं तळहातावर मावेल एवढी एक पितळी वज्री होती आणि माझ्या मांडीवर मिटलेली वही. ताईंची अटच तशी होती. पहिला अर्धा तास वही उघडायची नाही, पेन्सिल हातात घ्यायची नाही, नुसतं बघायचं. दहा मिनिटांत माझं बघून संपलं. वज्री आहे, पितळेची आहे, वर मोर आहे, खाली टाच घासायचा खरखरीत तळ आहे. आता उरलेली वीस मिनिटं काय करायचं?

मला लिहायचंय ते त्या वीस मिनिटांबद्दल. पण आम्ही तिथवर कसे पोचलो ते आधी सांगते.

आम्ही चौघं गेली सहा वर्षं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. लिहिलेलं वाचतो, चहा होतो, पुढची तारीख ठरते. ताई आमच्यात मोठ्या, जन्मभर भाषांतरं केलेल्या. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. धाकटी अजून पंचविशीत आहे, दिवसभर संगणकापुढं काम करते आणि रात्री कविता लिहिते. चौथी मी. गेलं वर्षभर आमच्या लिखाणात काहीतरी बिनसलं होतं. लिहिणारे सगळेच फार आतलं लिहायला लागलो होतो. मनाचा तळ, काळजातली हुरहुर, आठवणींचं गाठोडं. पान कुणाचंही असो, वळण तेच. एका रविवारी मी माझी कथा वाचून संपवली तेव्हा ताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “या बाईच्या स्वयंपाकघरात काय काय आहे गं?” मला सांगता येईना. माझ्याच कथेतलं स्वयंपाकघर, आणि त्यात एक पातेलंसुद्धा नव्हतं.

“आपल्या लिहिण्यातून वस्तू गेल्यात,” ताई म्हणाल्या. “पुढच्या वेळी घरी नको जमायला. जिथं वस्तूच वस्तू आहेत तिथं जाऊ. दिवसभर बसू.”

पुण्यात बाजीराव रस्त्याच्या परिसरात, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. मी तिथं शाळेच्या सहलीबरोबर गेले होते आणि रांगेतून पुढं पुढं सरकत तासाभरात बाहेर पडले होते. लक्षात राहिला होता तो फक्त मस्तानी महाल. धाकटी तर पहिल्यांदाच येत होती. दारावरची पाटी वाचून तिनं विचारलं, “हे राजे कुठल्या संस्थानचे?”

“राजे नव्हेत गं,” ताई म्हणाल्या. “राजा हे मुलाचं नाव.”

दिनकर गंगाधर केळकरांचा एकुलता एक मुलगा, राजा, लहानपणीच गेला. वडिलांनी आपला सगळा संग्रह त्याच्या नावानं उभा केला. ताई हे सांगत असताना मास्तर पाटीकडंच बघत होते. मग हळूच म्हणाले, “हजेरीपटावर असंच लिहितात. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.”

ही पाटी मी किती वेळा वाचली असेन. बसमधून, रिक्षातून, पायी जाताना. त्यातला ‘राजा’ मला नेहमी पदवीसारखाच वाटत आला. ते शाळेत जाणाऱ्या एका मुलाचं पूर्ण नाव आहे, हे मास्तरांना दिसलं, कारण त्यांनी वर्षानुवर्षं रोज सकाळी अशी नावं मोठ्यानं वाचली होती आणि प्रत्येक नावानंतर ‘हजर’ ऐकण्यासाठी क्षणभर थांबले होते. आत शिरताना आम्ही कुणी काही बोललो नाही.

दिनकर केळकर, म्हणजेच काकासाहेब (१८९६ ते १९९०), कवी होते. ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहायचे. घरचा धंदा चष्म्यांचा. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि गावोगाव हिंडून वस्तू शोधायचं हे काम जन्मभर चाललं. पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीनं त्यात होत्या. पुढं हा सगळा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्या त्यातल्या थोड्याच. मूर्ती आहेत, शस्त्रं आहेत, वाद्यं आहेत, कोरीव दरवाजे आहेत. पण हा माणूस कशापुढं खरा विरघळत असेल ते दिव्यांपाशी आणि भांड्यांपाशी कळतं. समया, लामणदिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, फण्या, दौती, कुलपं, सोऱ्ये. तलवारी जपायला घराणी होती, मूर्ती जपायला देवळं होती. कुणा बाईनं दिवाळीआधी आठवडाभर शेव पाडलेला सोऱ्या मात्र तिच्या सुनेनंही मोडीत घातला असता. तो कुणीतरी दाम देऊन विकत घेतला, पुसला, आणि देवाच्या मूर्तीइतक्याच निगुतीनं काचेआड ठेवला. एका कवीनं हे केलं याचा मला फार अभिमान वाटतो. कविताही हेच करते, असं मला तरी वाटतं.

आम्ही वेगवेगळ्या दालनांत पांगलो. प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची होती. मी वज्रीपुढं बसले ते खरं तर कपाट बसायला सोयीचं होतं म्हणून. तिथं कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकता येत होती.

दहा मिनिटं संपल्यावर मला चुळबुळ व्हायला लागली. हात फोनकडं जाईना, कारण फोन आम्ही ताईंच्या पिशवीत टाकले होते. उठून दुसरीकडं जावं असं दोनदा मनात आलं. गेले नाही, त्याचं कारण साधं आहे. पलीकडच्या दालनात मास्तर बसलेत आणि ते उठणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या चपलांचा आवाज आला असता तर मीही उठले असते. घरी एकटी लिहायला बसते तेव्हा अशा वेळी मी उठून गॅसवर चहा ठेवते. इथं उठता आलं नाही.

आणि मग मोराची मान दिसली. म्हणजे ती आधीपासून समोरच होती, पण आता दिसली. कारागिरानं मोराच्या अंगभर पिसं कोरली होती. शेपटीवरची पिसं काल कोरल्यासारखी स्पष्ट. मानेवरची मात्र पुसून गेलेली, मान नुसती गुळगुळीत. का, ते कळायला मला आणखी थोडा वेळ लागला. मान ही धरायची जागा होती. चिमटीत मान पकडायची, शेपूट तळहातात टेकवायची आणि टाच घासायची. मानेवरची पिसं कुणाच्या तरी अंगठ्यानं आणि बोटांनी, रोजच्या रोज, न्हाणीतल्या ओल्या हातानं पुसून टाकली होती. माझा अंगठा नकळत तसा वाकला.

शेजारी दुसरी एक वज्री आडवी ठेवलेली होती, तिचा तळ दिसत होता. तळावर उभ्या-आडव्या खाचा, त्यातून पडलेले बारीक चौकोन, वरून पाहिलेल्या भाजीच्या वाफ्यांसारखे. मधले चौकोन धारदार होते. एका कडेचे बोथट झालेले, आणि अगदी टोकाला तर चौकोनच उरले नव्हते. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं. पण झीज एकाच बाजूला होती. म्हणजे ती वापरणारी बाई वज्री नेहमी एकाच अंगानं तिरकी धरत होती. उजव्या हाताची असेल. किंवा एकाच टाचेला जास्त भेगा असतील. किंवा एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवताना तिला त्रास होत असेल आणि हात पोचेल तसा पोचत असेल. पितळ काही मऊ नसतं. कातडीनं पितळ झिजवायचं म्हणजे किती सकाळी लागल्या असतील?

काही वज्र्यांच्या पोकळ पोटात बारीक खडे घालतात, घासताना त्या खुळखुळतात. ही तशी होती का, ते काचेमुळं कळायला मार्ग नव्हता. मी कान लावल्यासारखी मान पुढं केली. तेवढ्यात तिथले रक्षक काका जवळ आले. मला वाटलं, उठायला सांगणार. ते म्हणाले, “आमच्या आईकडं होती अशी. बदक होतं वर.” आणि पुढं निघून गेले.

अर्धा तास झाला तेव्हा माझ्याकडं लिहायला इतकं होतं की वही उघडताना पान फाटलं.

दुसरी अट पहिल्या दोन पानांपुरती होती: स्वतःबद्दल एक वाक्यही नको. ‘मला वाटलं’ नको, ‘आठवलं’ नको. धातू, आकार, माप, झीज. मी लिहीत गेले. मोराच्या डोळ्याच्या जागी टोचलेली दोन टिंबं. चोचीचं टोक चेपलेलं, बहुधा कधीतरी फरशीवर पडून. पोट आणि तळ यांच्या सांध्यापाशी काळपट रेघ, तिथं चिंच घासून घासूनही पोचत नसणार. चार पानं झाली. आणि चौथ्या पानावर आजी आली. मी तिला बोलावलं नव्हतं. वर्षभर प्रत्येक लिखाणात मी तिला बोलावत होते आणि ती यायची ती नऊवारीतली, सुरकुत्यांची, देवघरापुढची, म्हणजे कुणाचीही आजी. आज ती आली ती पाय घेऊन.

मिरजेजवळच्या आमच्या गावी काळी माती आहे. आजी शेतात अनवाणी जायची. तिच्या टाचांच्या भेगांत ती माती इतकी खोल बसलेली असायची की टाच म्हणजे उन्हाळ्यातलं शेतच वाटायचं. रात्री ती कोकमतेलाचा गोळा दिव्याच्या ज्योतीवर धरून पातळ करायची आणि थेंब थेंब भेगांत सोडायची. तेव्हा तोंडानं ‘स्स’ असा आवाज यायचा. पाहुणे येणार असले की सकाळी न्हाणीत बसून टाचा घासायची. कशानं? मी लिहिलं, ‘दगडानं’. पितळी मोर तिनं कधी पाहिलाही नसेल. पण हात तसाच वाकत असणार.

दुपारी आम्ही बाहेर पडलो ते थालीपीठ आणि ताकासाठी. ताईंच्या वहीची पानं भरली होती आणि त्यातलं निम्मं त्यांचं नव्हतं. झालं असं की त्या एका तांब्याच्या घंगाळापुढं बसल्या होत्या. घंगाळाच्या अंगावरचे ठोके मोजत होत्या. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून हे काम होतं, त्याला मठारणं म्हणतात. गुळगुळीत तोंडाच्या हातोड्यानं पत्र्यावर एकाला एक लागून ठोके घालत जायचं. पत्रा कठीण होतो आणि प्रत्येक ठोक्याचा एक चकचकीत पैलू उमटतो. ताईंचे दोनशे ठोके मोजून झाले असतील तेवढ्यात गावाकडून आलेल्या बायकांचा एक घोळका शिरला. त्यात एक म्हातारी होती. ती प्रत्येक वस्तूकडं बोट दाखवून सुनेला नाव सांगत होती. चिठ्ठी वाचत नव्हती. बहुतेक तिला वाचता येत नसावं. “ही कासंडी, दूध काढायची. ही चरवी, दूध ठेवायची. हा बुधला. हे ओगराळं, आमटी वाढायचं. हे तसराळं. ही रोवळी, तांदूळ धुवायची. ही काथवट, हीत भाकरीचं पीठ मळायचं.” ताई घंगाळ सोडून तिच्या मागून चालत राहिल्या आणि लिहीत राहिल्या. एका ठिकाणी म्हातारी अडखळली. तिला नाव आठवेना. ती काचेपुढं उभी राहिली, ओठ हलत राहिले. सून म्हणाली, “चला आई, राहू द्या.” म्हातारी म्हणाली, “थांब. माझ्या तोंडातच आहे.”

“आठवलं का तिला?” धाकटीनं विचारलं.

“सट,” ताई म्हणाल्या. “तूप ठेवायची. दार ओलांडून बाहेर गेली आणि तिथून परत येऊन तिनं मला सांगितलं. सुनेला नाही, मला. कारण मी लिहून घेत होते.”

ताईंचे डोळे भरले होते. त्यांनी आयुष्यभर मराठीतून इंग्रजीत नेताना यातल्या प्रत्येक भांड्याला एकच शब्द वापरला होता. दुसरा इलाजही नव्हता. पण चरवीचं तोंड अरुंद का आणि तसराळ्याचं पसरट का, हे त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा नीट पाहिलं. अरुंद तोंडातून हिंदकळताना दूध सांडत नाही. शब्द भांड्यासाठी नव्हता, त्याच्या तोंडासाठी होता, असं त्या म्हणाल्या. मला वाटतं, कोशात नाव आणि अर्थ सापडतो, पण तोंड अरुंद असल्याचं कारण भांड्यापाशीच कळतं. आणि भांडं समोर असलं तरी ते नाव घेणारं एक माणूस लागतं. संग्रहालयात त्या दिवशी ती म्हातारी नसती तर आम्हाला भांडी दिसली असती, एवढंच.

जेवून परतताना आम्ही मुद्दाम तुळशीबागेतून गेलो. ताईंनी एका भांड्याच्या दुकानात विचारलं, “रोवळी आहे का?” दुकानदार पोरगा विशीतला असेल. क्षणभरही न थांबता त्यानं वरच्या फळीवरून स्टीलची जाळीदार रोवळी काढून दिली. तांदूळ धुवायचं भांडं बांबूचं होतं, पितळेचं झालं, स्टीलचं झालं. नाव टिकलं. ताईंनी ती विकत घेतली आणि उरलेला दिवसभर पिशवीत वह्यांशेजारी ती वाजत राहिली.

दुपारचं सत्र धाकटीसाठी अवघड गेलं. तिनं सकाळी मस्तानी महाल निवडला होता. बाजीरावांनी १७३४ मध्ये मस्तानीसाठी कोथरूडला वाडा बांधला. तो पुढं उतरवला गेला आणि त्याचे राहिलेले भाग आणून केळकरांनी हा महाल संग्रहालयात पुन्हा उभा केला. धाकटी कोथरूडलाच राहते, सातव्या मजल्यावर. सकाळभर तिला वस्तूच दिसेना. तिला दिसत होती ती गोष्ट, आणि ती गोष्ट तिला आधीपासून पाठ होती: १७४० मध्ये तिकडं रावेरखेडीला बाजीराव गेले, इकडं मस्तानी गेली. ती लिहायला बसली की तेच प्रेम, तोच विरह, तेच झुंबर. तिनं तीन पानं लिहून फाडली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. काही सुचवलं नाही, माझी वज्रीच पुढं लिहीत राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “इथं खांब आहेत, पण हे खांब उभे होते ती जमीन माझ्याकडं आहे.” आणि मग ती लिहीत सुटली, संध्याकाळी दारं बंद व्हायची वेळ होईपर्यंत.

एक गोष्ट मी दिवसभर वस्तूंखालच्या चिठ्ठ्यांवर शोधत होते. वस्तूचं नाव असतं, धातू असतो, प्रांत असतो, शतक असतं. घडवणाऱ्याचं नाव नसतं. मोराच्या डोळ्यात दोन टिंबं टोचून ती मूर्ती जिवंत करणारा तो कासार कोण होता, हे कधीच कळणार नाही. त्यानं नाव घालायचा विचारही केला नसेल. आणि या सगळ्या निनावी हातांचं काम गोळा करणाऱ्या माणसानं स्वतःच्या कवितेसाठी नाव घेतलं होतं ते ‘अज्ञातवासी’. ते नाव त्यानं आधी घेतलं की वस्तूंनी ते नंतर सार्थ केलं, या विचारात मी जिन्यावर बराच वेळ उभी होते. त्या इमारतीत ठळकपणे लिहिलेलं नाव आहे ते फक्त एका लहान मुलाचं.

संध्याकाळी आम्ही चालत सारसबागेत गेलो आणि हिरवळीवर बसून वाचलं. पोरं फुगे घेऊन पळत होती, भेळवाल्यांच्या हाका ऐकू येत होत्या. ताईंनी म्हातारीची यादी वाचली, नुसती नावं, एकामागून एक, मध्ये काही न घालता. धाकटीनं सातव्या मजल्याबद्दल वाचलं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कुठंतरी त्या खांबांच्या पायाचे दगड असतील, आणि ती रोज सकाळी तिथं उभी राहून डबा भरते. महालाबद्दल, प्रेमाबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. तिची गेल्या वर्षभरातली ती सगळ्यात चांगली कविता होती, आणि मी तिला तसं सांगितलं.

मग मास्तर. त्यांनी अडकित्ता निवडला होता. तिथं अडकित्त्यांची रांगच आहे, घोड्यांच्या आकाराचे, पोपटांच्या, स्त्री-पुरुषांच्या जोडीचे. मास्तरांनी घेतला तो सर्वांत साधा, नक्षी जवळजवळ नसलेला. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मला हसू आलं, आनंदानं, कारण तो आठवीचा धडा होता. ‘अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला, भार मध्ये. सुपारी टेकूच्या जितकी जवळ ठेवावी तितका जोर कमी लागतो.’ पुढं त्यांनी खिळ्याबद्दल लिहिलं होतं. दोन पात्यांना जोडणारा खिळा सैल झाला की पातं लचकतं, सुपारी कातरली जात नाही, फुटते. फुटलेल्या सुपारीचा आवाज वेगळा आणि कातरलेल्या सुपारीचा वेगळा. कातरताना ‘कट्’ होतं आणि फोड हातात पडते, फुटताना ‘टक्’ होतं आणि तुकडा उडून कपाटाखाली जातो. खिळा सैल झाला की तो दगडावर ठेवून हलकेच ठोकावा. फार ठोकला तर अडकित्ता आवळतो आणि मनगट दुखतं. नेमका किती ठोकायचा हे ज्याच्या मनगटाला कळतं त्यालाच कळतं.

दोन पानं अशीच. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या, तेव्हापासून त्यांनी आम्हाला एक ओळही वाचून दाखवली नव्हती. दर महिन्याला यायचे, ऐकायचे, चहा घेऊन जायचे. शेवटी त्यांनी पान उलटलं आणि वाचलं, ‘सुपारी आता दुकानातून कातरलेली आणतो. खिळा सैल झालाय की नाही, पाहिलं नाही.’

वही मिटून त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. ताईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्याजवळ ठेवली. रोवळी वाजली. थोड्या वेळानं मास्तरच म्हणाले, “उद्या ठोकून घेतो.”

मी माझी वज्री वाचली ती शेवटी, आणि आजीपाशी थांबले.

घरी पोचल्यावर आईला फोन केला. ती झोपायच्या तयारीत होती. मी विचारलं, “आजी टाचा कुठल्या दगडानं घासायची गं?”

“दगड?” आई म्हणाली. “दगड कुठला? खापरी होती. घागर फुटली ना, तिच्या काठाची. आत्याबाई फुटकी घागर कधी पुरती टाकून द्यायच्या नाहीत. तळाचा तुकडा कोंबड्यांच्या पाण्याला, काठाचा टाचेला.”

“कशी धरायच्या?”

आई गप्प झाली. मला वाटलं, फोन कट झाला. मग तिचा आवाज आला, आणि तो मघापेक्षा जवळून आल्यासारखा वाटला. “तिरकी धरायच्या बघ. उजवा गुडघा वाकायचा नाही ना त्यांचा. बैलानं मारलं होतं, तू जन्मायच्या आधी. मग उजवी टाच घासायला त्यांना असं बाहेरून वळून घासावं लागायचं. एका अंगानंच झिजायची ती खापरी. झिजून बोटाएवढी झाली की मी दुसरी फोडून द्यायची.”

मी वही ओढून घेतली. चौथ्या पानावरचा ‘दगडानं’ हा शब्द खोडला.

“आणि लाल पाणी यायचं,” आई सांगत होती. “खापरीचं. आत्याबाईंची आंघोळ झाली की न्हाणीपासून अळवापर्यंत लाल ओहोळ जायचा. तुझा भाऊ लहान होता, एकदा घाबरून रडत आला, आजीच्या पायातून रक्त येतंय म्हणून. लिहितेस का तू हे?”

“हो,” मी म्हटलं. “सांग. अळू कुठल्या बाजूला होतं?”